अवेळी वाजलेला भोंगा

भोंगा वाजला आणि माझ्या हातातली चादर धुण्याच्या पिंपातच सुटली. इथे अमेरिकेत आमच्या कोळशाच्या खाणीचा भोंगा पाळी बदलताना वाजतो. मधेच वाजला, तर खाली काहीतरी घडलंय, हे आमच्या आळीत शेंबड्या पोरालाही कळतं. सकाळची वेळ, गडी सगळे खाली. आम्ही बायका हातात होतं ते घेऊन पळत सुटलो, कुणाकडे बादली, कुणाकडे साबण.

शेजारची व्हेरोना माझ्यापुढे अनवाणी धावत होती, कडेवर सहा वर्षांची ओल्गा. या पोरीला ती एरवी अंगणाबाहेर काढत नसे. दोन उन्हाळ्यांपूर्वी तिचा यान्को पोलिओने गेला. इस्पितळात काचेपलीकडे होता, आईला हातसुद्धा लावू दिला नाही. तेव्हापासून ओल्गाला ना शाळा, ना नदी, ना दुसऱ्याच्या ताटातला घास. परवा ईस्टरलाही पोर खिडकीतच बसून होती. नवरा मतेय वैतागायचा, पोरीला काय लोणच्यासारखी बरणीत घालून ठेवणार आहेस, म्हणायचा. त्या सकाळीही यावरून दोघांचं वाजलं होतं आणि तो उपाशीच कामावर गेला होता.

"भांडून गेलाय गं," धावता धावता ती एवढंच म्हणाली. माझाही नवरा खालीच होता.

फाटकाशी पोचलो तर शहरातून आलेला नवा मॅनेजर टोपी हलवत हसतोय. माझं डोकंच फिरलं. त्या शहाण्याला वाटलं, आम्ही आनंदाने धावत आलोय. रेडिओवर सांगितलं म्हणे, पिट्सबर्गच्या डॉक्टरने काढलेली पोलिओची लस लागू पडली, सगळ्या पोरांना मिळणार. पंचावन्न सालचा एप्रिल होता तो. देशभर गावोगाव चर्चच्या घंटा वाजत होत्या, म्हणून यानेही भोंगा वाजवला होता.

"आणि खाली?" मी विचारलं.

"खाली काय? सगळे कामावर आहेत."

कुणी रडलं, कुणी मटकन खाली बसलं. म्हाताऱ्या झुझानाने मात्र साबणाच्या पाण्याची बादली उचलली आणि साहेबाच्या डोक्यावर ओतली. आम्हा स्लोव्हाक लोकांत ईस्टरनंतरच्या सोमवारी पुरुष बायकांना भिजवतात, मंगळवार आमचा, आणि त्या दिवशी मंगळवारच होता. मग काय, साहेबाची यथासांग आंघोळ झाली. भोंग्याचा अर्थ सांगितला तेव्हा तो निथळत उभा राहिला, टोपी काढून म्हणाला, मला खरंच माहीत नव्हतं. त्याचीही पोरं लहानच होती, बिचाऱ्याची.

व्हेरोना हसली नाही की रडली नाही. मतेयला डोळ्यांनी बघितल्याशिवाय हलणार नाही म्हणाली, आणि नाहीच हलली. मी घरून तिच्यासाठी बूट आणि शाल आणली.

पाळी सुटली, गड्यांना घेऊन पाळणा खाणीतून वर आला. भोंगा खाली ऐकू जात नाही, त्यामुळे मतेयला काहीच ठाऊक नव्हतं. फाटकात बायको पोरीला घेऊन उभी बघून तो जागीच थिजला. व्हेरोनाने आधी त्याच्या दंडावर एक चापट मारली, मग सगळं सांगितलं.

"म्हणजे ओल्गाला मिळेल?" त्याने विचारलं.

"मिळेल."

त्याने ओल्गाच्या केसांवरून हात फिरवला. मग म्हणाला, "यान्कोच्या वेळी असती तर..."

"असती तर मी पिट्सबर्गपर्यंत चालत गेले असते रे," ती म्हणाली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा चारचौघांत रडली. तो तिला जवळ घेऊन उभा राहिला. तिची ओढणी कोळशाने काळी झाली, तर रडता रडताच म्हणाली, कालच धुतली होती मेल्या.

संध्याकाळी मी पायरीवर माझ्या पोरांना ईस्टरचा उरलेला गोड पाव देत होते. ओल्गा कुंपण ओलांडून कधी येऊन बसली, कळलंच नाही. माझ्या पावलोने आपल्या तोंडातला अर्धा तुकडा तिच्यापुढे धरला आणि तिने तो घेतला. मी घाबरून वर बघितलं. व्हेरोना दारात उभी होती. ती एक पाऊल पुढे आली आणि थांबली.

"सावकाश खा गं," ती म्हणाली, "घशात अडकेल."