सॅडल पीकचा रानपारवा

दहाव्याला कराडच्या संगमावर पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना.

कावळे नव्हते असं नाही. पलीकडच्या लिंबावर चांगले पाच-सहा बसले होते. खाली मात्र एकही येईना. माझी बायको क्रांती हिचं मन कशात तरी अडकलंय, असं पाहुण्यांनी धरलं. अशा वेळी घरच्यांनी पुढं होऊन गेलेल्या माणसाला शब्द द्यायचा असतो. आमची सोनम म्हणाली, "आई, पप्पांना मी पुण्याला घेऊन जाते." कावळा हलला नाही. मग मेव्हणा आकाराम म्हणाला, "तायडे, दाजींना आमी एकटं पडू देणार न्हाई." तरी नाही.

ऊन चढलं. भटजी म्हणाले, आता दर्भाचा कावळा करून शिववू.

"जरा थांबा," आकाराम म्हणाला. "दाजी, तुमी बोला की. तुमी आजून काय बोललाच न्हाई."

पण तिचं काय राहिलंय ते मला ठाऊक होतं. मी हात जोडले आणि म्हणालो, "तुझा तो अंदमानचा पारवा मी बघून येतो."

आम्ही मागं सरलो आणि कावळा उतरला.

मागून कुणीतरी म्हणालं, "आयला, पारव्यापायी आडली व्हती व्हय?" दोघं-तिघं हसले. मलाही हसू आलं, मग रडू आलं.

क्रांती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. बरीच वर्षं कोयनानगरला होती, तिथल्या रानात तिला पक्ष्यांचा नाद लागला. मी एसटीत चालक. गाडी चालवताना पक्षी दिसला तर काचेवर येऊ नये एवढंच मला वाटायचं. निवृत्त झाल्यावर तिनं सांगलीच्या एका ग्रुपबरोबर अंदमानची सहल ठरवली होती. तिथल्या सॅडल पीक नावाच्या डोंगरात एक रानपारवा असतो, तो अंदमान-निकोबार सोडून कुठं नसतो. तिनं दोघांची नावं घातली होती. मी म्हटलं होतं, मी हॉटेलात बसेन, तू फिर. मग तिचं दुखणं निघालं आणि सहल राहिली.

पुढच्या हिवाळ्यात तोच ग्रुप परत निघाला तेव्हा मी गेलो.

ग्रुपचा पुढारी ऋषिराज. सांगलीत दातांचा दवाखाना आहे त्याचा, पण दातांपेक्षा चोचींचंच जास्त बोलतो. बाकीची मंडळी तरुण. मला सगळी काका म्हणायची, बसमध्ये पुढची जागा द्यायची, आणि मग आपापसात बोलत बसायची. पोर्ट ब्लेअरहून वर डिगलीपूरपर्यंत दिवसभराचा रस्ता, दोन्ही बाजूंना जंगल. मी आपला चालकाचे गिअर ऐकत बसलो. मुक्कामाच्या खोलीत दोन पलंग होते. दुसऱ्यावर मी पिशवी ठेवली, म्हणजे तो रिकामा दिसू नये.

संध्याकाळी सगळी गोल बसून दिवसभरात काय काय दिसलं ते सांगायची. मला विचारलं की मी म्हणायचो, "दिसला की."

मला काहीही दिसत नव्हतं.

त्याचं असं झालं होतं. गळ्यात दुर्बीण क्रांतीची होती. शेवटी-शेवटी तिला उठवत नव्हतं, तेव्हा ती पलंगावरूनच खिडकीबाहेरच्या शेवग्यावरचे पक्षी बघायची. शेवग्याला फुलं होती आणि त्यावर काळे-जांभळे बारके पक्षी यायचे. तिनं दुर्बीण खाली ठेवली ती तशीच मी पिशवीत भरली. दुर्बिणीला मधोमध एक चाक असतं, जवळचं-लांबचं बघायला ते फिरवावं लागतं. मी ते फिरवलंच नव्हतं. घरी एकदा तिच्या पलंगावर बसून बघितलं होतं, तर शेवग्याचं पान न् पान स्वच्छ दिसलं. ती शेवटी जे बघत होती ते तिथंच होतं. चाक फिरवलं की ते जाणार. त्यामुळं अंदमानात शेवग्याएवढ्या अंतरावर जे येईल तेच मला दिसणार होतं, आणि तेवढ्या जवळ कोणताच पक्षी येत नव्हता.

डोंगर चढायच्या दिवशी आम्ही पहाटे निघालो. आधी समुद्राच्या कडेनं दगडगोट्यांवरून वाट जाते, मग जंगलात शिरते आणि एकदम उभी होते. मुळं धरून चढावं लागतं. हवा दमट, शर्ट अंगाला चिकटलेला. आमच्या सह्याद्रीत चढताना निदान वारा लागतो. तिथं झाडं इतकी दाट की समुद्र जवळ असून दिसत नाही. निम्म्या वाटेवर माझा गुडघा बोलायला लागला.

"काका, तुम्ही इथंच बसा," ऋषिराज म्हणाला. "मी थांबतो तुमच्याबरोबर. बाकीचे वर जाऊन येतील."

"तुमी जावा वर. माझ्यापायी कशाला?"

"मी दोनदा गेलोय वर. वर काही नाही, ढग आहेत."

आम्ही एका आडव्या झाडावर बसलो. बाकीच्यांचे आवाज वर वर जात बंद झाले. थोड्या वेळानं दरीच्या बाजूनं घुमल्यासारखा जाड आवाज आला. ऋषिराजनं माझा दंड धरला.

"काका, तोच. रानपारवा."

पुन्हा आवाज आला.

"झालं तुमचं काम," तो म्हणाला. "आम्ही आवाज ऐकला तरी नोंद धरतो."

"मी ऐकून येतो म्हणालो न्हवतो. बघून येतो म्हणालोय."

"कुणाला?"

मी सांगितलं. संगमावरचं सगळं सांगितलं. तो हसला नाही. उठला, पुढं चार पावलं जाऊन फांद्यांमधून बघत राहिला, आणि मग हातानं मला बोलावलं. "ते मोठं झाड, उंबरासारखं. वरून दुसरी फांदी. बसलाय."

मी दुर्बीण लावली. हिरवा चिखल दिसला.

"दिसला?"

"दिसला की."

"कुठं तोंड आहे त्याचं?"

मी दुर्बीण तशीच डोळ्यांना लावून धरली.

"काका, चार दिवस बघतोय मी. तुम्ही चाक फिरवतच नाही. आणा इकडं."

त्यानं दुर्बिणीला हात घातला आणि मी तो झटकला. जरा जोरातच झटकला. पोरगं चांगलं, कळवळ्यानं करत होतं. त्याचं तोंड उतरलं.

"हात लावू नका. ती तिनं लावलेली हाय," मी म्हणालो.

तो मागं सरला. "बरं. पण उडाला तर परत दिसेलच असं नाही."

पारवा घुमला. तिथंच होता अजून.

दुसऱ्या चालकाकडून गाडी ताब्यात घेतली की आपण आधी सीट पुढं-मागं करतो, मग आरसा आपल्या मापाचा करतो. आयुष्यभर रोज केलं. आधीच्या माणसानं कसा लावला होता हे कधी मनातही आलं नाही. त्याच्या आरशात बघून घाट उतरायचा म्हणजे माणसं दरीत घालायची. हे सगळं मला कळत होतं. तरी बोट चाकावर ठेवून मी उभाच राहिलो. मग फिरवलं.

हिरवा चिखल फुटून पानं झाली. मग फांदी आली आणि फांदीवर तो आला. आपल्या पारव्यापेक्षा मोठा, रंग पावसाळी ढगासारखा गडद, मानेवर बारीक चौकडी, अंगावर हिरवट चमक. डोळ्याभोवती लाल. एक फळ गिळत होता, मोठं होतं, त्याला मान दोनदा ताणावी लागली. मी श्वास धरून बघितलं. मनात म्हटलं, बघ, आलो. बाजूला वळून सांगावं तर बाजूला ऋषिराज होता.

पारवा उडाला. फांदी हलत राहिली, तीसुद्धा मी बघितली.

"आता दिसला," मी म्हणालो.

"माहितेय," ऋषिराज म्हणाला.

खाली उतरून समुद्राशी आलो तेव्हा फोनला रेंज आली आणि लगेच वाजला. आकाराम होता. रोजच करायचा.

"दाजी, चढला का डोंगर?"

"चढलो निम्मा."

"गुडघा?"

"हाय आपला."

"आन् पारवा? घावला का न्हाई?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात तोच पुढं बोलला, "घावला असंल तर बरं झालं बघा. तायडीचा शब्द फिटला. तुमी सुटला दाजी. आता निवांत घरला या, सोनमकडं जावा, न्हाईतर आमच्याकडं ऱ्हावा."

ऋषिराज बुटातली वाळू झाडत शेजारीच बसला होता. त्याला सगळं ऐकू येत होतं. संगमावर शब्द दिल्यापासून सकाळी उठलो की मला तिचं एक काम असायचं. कधी तिकीट, कधी बूट, कधी गुडघ्याचं औषध. आता घरी जाऊन उठल्यावर काय करायचं, हे मला त्या क्षणी कळेना.

"हॅलो? दाजी? घावला का?"

"न्हाई रं," मी म्हणालो. "आवाज आला नुसता. दिसला न्हाई."

ऋषिराजनं बूट हातात धरून माझ्याकडं बघितलं.

"आरारा," आकाराम म्हणाला. "एवढं लांब जाऊन? मग आता?"

"आता काय. परत यावं लागंल."

"कवा?"

मी ऋषिराजकडं बघितलं. त्यानं बूट घातला, नाडी बांधली, आणि मग म्हणाला, "पुढच्या हिवाळ्यात येतोय आम्ही, काका."

"पुढच्या हिवाळ्यात," मी आकारामला सांगितलं.