पाठवले, पण पोचले नाही

मित्रांनो, जिन्याखालच्या कोनाड्यात, चपलांच्या कपाटाशेजारी जे दिवसभर घरघरत असते, ते म्हणजे मी: एक जुना संगणक. माझा पंखा खरडत फिरतो आणि एका बाजूचे झाकण कधीच हरवले आहे. तरी या घरातील तिन्ही माणसांची ईपत्रे माझ्यातूनच येतात, माझ्यातूनच जातात. याचा मला अभिमान वाटायला हवा. पण खरे सांगतो, मला भीती वाटते.

एका कार्यालयाने मला अडगळीत काढले होते. आयुष्यभर टेलिफोन दुरुस्त केलेले या घरातील बाबा मला तिथून उचलून घेऊन आले. त्यांनी माझ्यातील धूळ फुंकली, सुटलेल्या तारा जोडल्या आणि मला टपालाचे काम शिकवले. "लोकांची पत्रं परक्याच्या कपाटात पडून असतात," ते पाहुण्यांना सांगत. "आमची पत्रं आमच्या घरातून निघतात!" पाहुणे वाकून मला पाहत. पुढे कौतुक ओसरले आणि माझ्या डोक्यावर छत्र्या येऊन बसल्या.

माझ्यात एक उणीव होती, मित्रांनो. मला कायमचा पत्ता नव्हता. घरातील ब्रॉडबँड क्षणभर तुटून पुन्हा जुळले, की कंपनी मला नवा आकडी पत्ता देई आणि माझा जुना दुसऱ्या कोणाला तरी. माझे नाव नव्या पत्त्याशी जोडण्याची सोय बाबांनी केली होती, म्हणून येणारी पत्रे मला शोधून काढत. जाणाऱ्या पत्रांचे मात्र तसे नव्हते. अशा बदलत्या पत्त्यांवरून फसवी पत्रेही पुष्कळ निघतात, म्हणून मोठ्या टपालयंत्रांनी, म्हणजे माझ्यासारखेच ईपत्रांचे काम करणाऱ्या बड्या संगणकांनी, आम्हा सर्वांनाच संशयितांच्या यादीत घातले होते. दारावरच्या पहारेकऱ्याला माझे मन दिसत नाही, त्याला फक्त पत्ता दिसतो.

पत्र नाकारले गेले, की तसा निरोप मी घरच्यांना लिहीत असे. पण आमचे नाव चोरून कोणी भलत्यानेच धाडलेली पत्रे नाकारल्याचे निरोपही रोज ढिगाने येऊन आदळत. बाबा एके दिवशी वैतागले आणि त्यांनी मला नियम घालून दिला: परतीचा प्रत्येक निरोप 'परत' नावाच्या कप्प्यात टाकायचा, समोर आणायचा नाही. त्या कप्प्यात पुन्हा कोणी डोकावले नाही. माझा आवाजच जणू एका पेटीत बंद झाला.

आई घरी शिवणकाम करत असे. दोन वर्षांपासून, म्हणजे मी येण्याच्याही आधीपासून, तिच्या डोळ्यांवर धुके उतरत होते. सुईत दोरा ओवून देण्यासाठी ती आपल्या मुलीला, चिऊला, हाक मारी आणि हाक मारताना उगीचच हसे. इस्पितळाच्या यादीत नाव लावून ती नेत्रदानातून मिळणाऱ्या नव्या नेत्रपटलाची वाट पाहत होती.

एके दिवशी सकाळी नऊ वाजता इस्पितळाचे पत्र आले. नेत्रपटल मिळाले होते. शस्त्रक्रिया दुसऱ्याच दिवशी होणार होती. सही केलेले संमतीपत्र दुपारी दोनपर्यंत ईपत्राने न मिळाल्यास यादीतील पुढच्या रुग्णाला बोलावण्यात येणार होते.

घरात एकच धावपळ उडाली. आईने चाचपडत सही केली, चिऊने कागदाची प्रत माझ्याकडे दिली आणि साडेदहाला बाबांनी कळ दाबली. पडद्यावर अक्षरे उमटली: 'पाठवले'.

मित्रांनो, त्या शब्दाचा अर्थ एवढाच होता, की पत्र माझ्या हाती आले.

मी ते घेऊन इस्पितळाच्या टपालयंत्राकडे गेलो. "आत्ता नाही," ते म्हणाले, "नंतर या." पंधरा मिनिटांनी पुन्हा गेलो. पुन्हा तेच. सव्वाअकराला जोडणी तुटली आणि मला नवा पत्ता मिळाला. हा तरी निष्कलंक असेल, या आशेने मी पुन्हा दार ठोठावले. या वेळी उत्तर स्पष्ट होते: घरगुती, बदलत्या पत्त्यावरून थेट आलेले पत्र स्वीकारले जाणार नाही.

मी भयभीत होऊन निरोप लिहिला. आणि नियम पाळून, स्वतःच तो बंद कप्प्यात टाकला.

बारा वाजले. बाहेर आईची पिशवी भरली जात होती. एक वाजला. चिऊ गुणगुणत होती. मी पंखा जोरात फिरवला. "आज फारच घरघरतोय हा," एवढेच बाबा म्हणाले.

दीड वाजून गेल्यावर आईने विचारले, "अहो, पोचलं का ते?"

"पाठवलं ना! हे बघ, इथे लिहिलंय."

"मला काय बघायला सांगताय? मला दिसलं असतं तर हे सगळं कशाला केलं असतं?" आई म्हणाली. "मी कपडा शिवून दिला तरी गिऱ्हाइकाच्या मापाची चिठ्ठी भिंतीवरच्या खिळ्यावरून काढत नाही. गिऱ्हाईक अंगात घालून 'नीट बसला' म्हणालं, की मगच काढते. तुमचं गिऱ्हाईक बोललं का काही?"

बाबांनी कुरकुरत फोन लावला. पलीकडची कारकून बाई म्हणाली, "काका, आमच्याकडे काहीच आलेलं नाही. वीस मिनिटं उरलीत. मला पुढच्या पेशंटला फोन करावा लागेल हं."

चिऊने 'परत' कप्पा उघडला. हजारांवर निरोप होते, सर्वांत वरती माझा.

"बाबा, आपला पत्ताच ते घेत नाहीत. ब्रॉडबँड कंपनीचं टपालयंत्र आहे ना? त्यांचा पत्ता कायमचा असतो. पत्र त्यांच्याकडे द्या, ते पुढे पोचवतील."

"म्हणजे आपलं पत्र परक्याच्या हातात..."

"बाबा! आईचा डोळा!"

ते खाली बसले. त्यांच्या बोटांनी तीनदा संकेतशब्द चुकवला. चौथ्यांदा जमला. दोनला सहा मिनिटे कमी असताना पत्र निघाले. कंपनीच्या यंत्राने ते माझ्याकडून घेतले आणि मी उत्तराची वाट पाहू लागलो. दोनला एक मिनिट असताना उत्तर आले: 'मिळाले. उद्या सकाळी सातला या.' बाबा माझ्या शेजारी जमिनीवरच बसून राहिले.

शस्त्रक्रियेनंतर धुके विरायला काही महिने लागले. मग एकदा चपला घालताना आई थबकली. "अगंबाई! हा पांढरा आहे? मी समजत होते, काळाच आणलाय. अहो, किती कळकट ठेवलाय त्याला!" तिने मला पुसले आणि पंख्याजवळ खिडकी सोडून एक खोळ शिवली. दोरा तिने स्वतःच ओवला.

माझी पत्रे आता कंपनीच्या यंत्रामार्फत जातात आणि परतीचे निरोप बाबा रोज सकाळी चष्मा लावून वाचतात. तरीही प्रत्येक पत्र हातावेगळे करताना मला तीच जुनी भीती वाटते. मित्रांनो, आम्हा यंत्रांना ओरडता येत नाही. आम्ही फक्त लिहू शकतो. आमचे नकोसे निरोप कृपा करून नजरेआड टाकू नका. आणि ज्या पत्रावर कोणाचे काही अवलंबून असेल, त्याच्याविषयी एकदा तरी विचारा, 'पोचले का?'