टोमॅटो सॉसचं गाव

अनीश देवधर अकोले तालुक्यात ग्रामोद्योगाच्या एका योजनेवर कंत्राटी अधिकारी म्हणून रुजू झाला, तेव्हा अर्थशास्त्र शिकताना वाचलेली एक हकिगत त्याच्या डोक्यात पक्की बसली होती. जपानमधल्या एका डोंगरी गावाला सरकार सांगत होतं, भात लावा. गावाने ऐकलं नाही. उतारावर प्लम आणि चेस्टनट लावले, आणि गाव वर आलं.

भंडारदऱ्याकडच्या एका वाडीत, समाजमंदिरात बसून त्याने ती हकिगत बायकांना सांगितली. बचत गटाच्या अध्यक्ष भागूबाई लगेच म्हणाल्या, "मंग आमचा काळभात हाय की! लई वासाचा. पावनं मागून नेत्यात."

तीन बैठका झाल्या. पिशवीवर काय छापायचं यावरून बायका भांडल्या, हसल्या. अखेर वाडीचं नाव आणि भाताची लोंबी ठरली. अनीशने प्रस्ताव पाठवला.

दोन महिन्यांनी वरून कुठे काय बनवायचं याची यादीच आली. या भागासाठी टोमॅटो सॉस. यंत्रही मंजूर.

तो साहेबांकडे, नृसिंह पाठकांकडे गेला. "सर, जपानमधल्या त्या गावाने स्वतः निवडलं होतं. शिकण्यासारखं तेवढंच आहे त्यात."

"मलाही यादीच आलीय, अनीश," पाठक थकल्या आवाजात म्हणाले. "मी कोणाला विचारू?"

यंत्र समाजमंदिरात उतरलं. त्याला लागणारी थ्री-फेज वीज वाडीत नव्हती. टोमॅटो तर तिथल्या पावसात टिकतच नाही. भागूबाईंनी यंत्राभोवती एक फेरी मारली.

"साहेब, ह्यात भात भरडता येतो का?"

"नाही, मावशी."

"मंग आमी ह्याचं काय करायचं?"

त्याने पोच घ्यायचा कागद पुढे केला. त्यांनी सावकाश सही केली. त्याला ओशाळं वाटू नये म्हणून असेल, पुन्हा काही विचारलं नाही.

फेब्रुवारीत दुसऱ्या राज्यातले अधिकारी ही योजना शिकायला आले. माहिती द्यायचं काम अनीशवर आलं. पडद्यावर यंत्राचा फोटो होता, शेजारी नव्या साड्या नेसलेल्या बायका.

पाहुण्यांतल्या एका बाईंनी विचारलं, "उत्पादन कोणी निवडलं?"

पाठक फायलीत बघू लागले. अनीशचं कंत्राट मार्चमध्ये संपत होतं.

"गावाने," तो म्हणाला.

बाई वहीत लिहून घेऊ लागल्या. 'लिहू नका' हे शब्द त्याच्या अगदी ओठांवर आले. त्याने पुढची स्लाइड लावली.