लाल रेघ मारलेलं वाक्य

बाबा गेल्याला महिना झाला होता, तेव्हा त्यांच्या शाळेतून मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. सातवीचा विज्ञानाचा तास रिकामा जातोय, वर्षअखेरपर्यंत तेवढा निभावून न्या. मी ग्रंथालयात काम करते. विज्ञानाची पदवी आहे, पण ती कपाटात. मी नाही म्हणणार, तोच त्या म्हणाल्या, "सोमवारी पर्यवेक्षक वर्ग बघायला येतायत. त्यांना वर्ग फोडायचाय. हुशार एका खोलीत, कच्चे दुसऱ्या."

हे बाबांनी नऊ वर्षं होऊ दिलं नव्हतं. त्यांच्या वर्गात फळा न दिसणारी एक मुलगी होती, सहा महिन्यांपूर्वी परक्या मुलखातून आलेला आणि आपली भाषा जेमतेम समजणारा एक मुलगा होता, ज्याला सगळे 'पाहुणा' म्हणत, आणि एका जागी बूड न टेकणारी भिंगरी होती. "निवडायला ते काय तांदूळ आहेत?" असं बाबा विचारायचे. मी हो म्हटलं.

त्यांची टाचणवही टेबलाच्या खणात होती. प्रत्येक पाठात एका वाक्याखाली लाल रेघ. लाल रेघ म्हणजे महत्त्वाचं, हे मला लहानपणी त्यांनीच शिकवलं होतं. रविवारभर मी ती वाक्यंच घोकली. इतर पानं वाचवत नव्हती. अक्षर फार ओळखीचं होतं.

सोमवारी पर्यवेक्षक शेवटच्या बाकावर बसले, शेजारी जेवणाचा डबा. हातात मुलांची यादी, काही नावांपुढे आधीच फुली. मी फळ्यावर ठळक लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, 'जड वस्तू पाण्यात बुडते, हलकी तरंगते.' वर्गात एकदम शांतता पसरली आणि सगळ्यांचे चेहरे खुलले. शिकवणं जमतंय, असं मला वाटलं.

"वहीत तीनदा लिहा," मी म्हटलं.

"तीनदा?" भिंगरी उभी राहिली. "ताई, सर एकदाच सांगायचे."

"महत्त्वाचं आहे म्हणून."

"चेहरा बघ कसा ठेवलाय," मागून कुणीतरी कौतुकानं कुजबुजलं. "सरांना शेवटी हसू यायचं. या पक्क्या आहेत."

मला काहीच कळेना. पर्यवेक्षक मात्र भराभरा काहीतरी लिहीत होते. तेवढ्यात भिंगरी बाहेर धावली आणि बादली भरून घेऊन आली. पाहुण्यानं बाकाचा एक सुटा खिळा काढून पाण्यात टाकला. तळाशी.

"खिळा हलका," भिंगरी म्हणाली. "आता जड काहीतरी पाहिजे. सर, तुमचा डबा द्या."

"माझा?" पर्यवेक्षक म्हणाले.

"झाकण घट्ट आहे ना? नाहीतर जेवण पातळ होईल."

ते नाही म्हणेपर्यंत डबा पाण्यात होता. आडवा झाला, डुलला आणि तरंगत राहिला. फळा न दिसणारी मुलगी बादलीशी बसली आणि दोन्ही हातांनी डबा खाली दाबू लागली.

"जात नाहीये," ती म्हणाली. "पाणी वर ढकलतंय. जितका दाबते तितकं जास्त."

पर्यवेक्षकांचा चेहरा बघून पाहुण्याला वाटलं असावं, की यांनाही भाषा समजत नाही. त्यानं न बोलता त्यांचं मनगट धरलं, बाही वर सारली आणि हात डब्यावर ठेवून दाबला. पर्यवेक्षक वाकले. मग उकिडवे बसले. मग हातातली यादी बादलीशेजारी ओल्यातच टाकून त्यांनी दुसरी बाहीही वर केली.

"आणि खिळ्याला ढकलत नाही?" त्यांनी विचारलं.

"ढकलतं," ती मुलगी म्हणाली. "पण खिळा बारका. ढकलायला पाण्याला जागाच मिळत नाही."

मी फळ्याकडे पाहिलं. ते वाक्य तिथे निर्लज्जपणे उभं होतं.

"ताई, आता कबूल करा," भिंगरी म्हणाली. "रोज एक थाप, आणि ती आम्ही पकडायची. तोंडानं नाही, करून दाखवून. सरांचा नियम होता."

पर्यवेक्षक हात पुसत माझ्याकडे आले. "म्हणजे हे तुम्ही ठरवून केलंत?"

हो म्हणणं सोपं होतं. वर्ग वाचला असता आणि माझी अब्रूही. पण सगळी मुलं माझ्याकडे बघत होती, आणि आजच्या दिवसाला एक थाप पुरे होती.

"वडिलांनी ठरवून केलं होतं," मी म्हटलं. "वहीत या थापेखाली लाल रेघ होती, मला ते खरं वाटलं. रविवारभर पाठ केलंय."

आधी एक जण हसला, मग सगळा वर्ग. नंतर मीही. महिन्याभरात पहिल्यांदाच, आणि थांबायला जरा वेळ लागला. रुमाल डोळ्यांना का लावला, हे कुणी विचारलं नाही.

पर्यवेक्षकांनी ओली यादी उचलली. फुल्यांची शाई पसरून शेजारच्या नावांवर गेली होती. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, आणि शेवटी वर्गालाच विचारलं, "बरं, यात कच्चं कोण आहे?"

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. भिंगरीनं हात वर केला.

"सर, आज तरी ताईच."

पर्यवेक्षकांनी थोडा विचार केला. "मग यांना दुसऱ्या खोलीत पाठवून उपयोग नाही," ते म्हणाले. "यांना तुमच्यातच बसवा." मग त्यांनी यादीची घडी करून खिशात घातली आणि डबा उघडून जेवण कोरडं आहे का ते बघू लागले.