अकरा नंबरचं कार्ड

मुलगी सातव्या महिन्यात आईकडे राहायला आली आणि त्या दिवसापासून आईने घाबरण्याचा सपाटाच लावला. आधीही ती घाबरायचीच, पण लांबून, फोनवर. आता मुलगी डोळ्यांसमोर होती, तिचं पोट डोळ्यांसमोर होतं आणि भीतीला रोज नवं खाद्य मिळत होतं. न्हाणीघरातली ओली फरशी, मागच्या दाराची पायरी, पंख्याचा आवाज. मुलीचं पहिलं बाळ चौथ्या महिन्यात पोटातच गेलं होतं. त्याबद्दल घरात कोणी बोलत नसे, पण आईच्या मनातून ते एक दिवसही हललं नव्हतं.

त्यात ही चिलटं. तीन महिन्यांपूर्वी भाड्याने घेतलेल्या या घरामागे लांबरुंद अंगण होतं आणि आईने ते कुंड्यांनी भरून टाकलं होतं. सकाळी दार उघडलं की चिलटांचा घोळका तोंडावर. नाकात, कानात, चहाच्या कपात. मुलगी हाताने वारत हसायची. आई हसत नसे. कुठलं चिलट कुठे बसून आलं असेल, काय घेऊन आलं असेल, या विचाराने तिला रात्रीची झोप लागत नव्हती.

वीस वर्षं रोपवाटिकेत काढलेली बाई ती. तिथले माळी तिला ‘फौजदारीण’ म्हणायचे, आणि तेही तिची पाठ वळल्यावर. रोपांच्या बाबतीत तिच्यापुढे कोणाची मात्रा चालत नसे. फवारणीचं नाव काढायचं नाही, हे तिने पहिल्याच दिवशी ठरवलं, कारण घरात पोटुशी पोर. मग रोपवाटिकेतली रीत तिने घरी आणली. पिवळी चिकट कार्डं. एकेका जागी एकेक कार्ड लावायचं, त्यावर नंबर टाकायचा, रोज सकाळी चिकटलेली चिलटं मोजायची आणि वहीत लिहायची. जिथे आकडा मोठा तिथे चिलटांचं घर.

“आई, चिलटांची जनगणना चाललीये का?” मुलगी म्हणाली.

“तू गप्प बस गं, चिमणे. आणि त्या कुंड्यांजवळ फिरकू नकोस.”

दहा कार्डं कुंड्यांना पुरली, अकरावं उरलं. वाया घालवणं आईच्या रक्तात नव्हतं. अंगणाच्या पार टोकाला, जिथे ना कुंडी ना गवत, नुसती कोरडी टणक जमीन, तिथे जमिनीतून कमरेच्या वर आलेला एक गंजका लोखंडी खांब होता. अकरावं कार्ड तिने त्याला लटकवलं. कपडे वाळत घालायची दोरीही तिने कुंड्यांमधून सोडवून तिकडेच नेली, एक टोक भिंतीच्या खिळ्याला आणि दुसरं या खांबाला. पोरीने चिलटांपासून लांब उभं राहून कपडे वाळत घालावेत, एवढाच हेतू. या व्यवस्थेमुळे ती स्वतःवरच खूश होती.

मग तिने चिलटांचा पिच्छा पुरवला. कुंड्यांखालच्या बशा फेकल्या. माती वरून सुकेपर्यंत पाणी बंद केलं. प्रत्येक कुंडीत दोन बोटं वाळू पसरली. खताच्या डब्याला घट्ट झाकण बसवलं, नळाचं टपटपणं थांबवलं. पाचव्या दिवशी वहीतले आकडे धपाधप खाली आले. चाळीसचे बारा, तीसचे सहा. फक्त अकरा नंबर वर चढत होता. सतरा, तीस, चौसष्ट.

“तिकडची हाकललेली सगळी इकडे पळून आलीत,” आईने निकाल दिला. कुंडीच नाही तिथे चिलटांचं घर असणार कसं? वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. आठव्या दिवशी ते कार्ड इतकं काळं झालं की तिने मोजणंच सोडलं. वहीत एक आडवी रेघ मारली, कार्ड चुरगाळून फेकून दिलं आणि त्याजागी नवं लटकवलं.

खांबाच्या बुडाशी बोटभर रुंद भेग होती आणि चिलटं तिथूनच निघताना दिसत. त्यावर आईचा इलाज तयार होता. रोज एक बादली कढत पाणी, साबण घालून. जमीन पाणी गटागटा प्यायची आणि भेग पुन्हा कोरडी. असे सहा दिवस झाले. पोरीचं दोरीपाशी जाणं-येणं चालूच होतं. बाळाची झबली तिने आधीच शिवून ठेवली होती आणि ती दोन-दोनदा धुवायचा तिला छंद लागला होता.

सातव्या दिवशी सकाळी आईने अकरा नंबरचं नवं कार्ड आत आणलं आणि चष्म्यावर भिंग धरून पाहिलं. सहज पाहिलं, हात रिकामे होते म्हणून. ओट्याजवळ उभी होती आणि खिडकीतून अंगण दिसत होतं.

कुंडीतलं चिलट बारीक, लांब पायांचं असतं. ही तशी नव्हती. ही ठेंगणी होती, केसाळ, मिटलेले पंख छपरासारखे. अशी चिलटं तिने पाहिली होती, पण मातीत कधीच नाही. न्हाणीघरात, मोरीच्या जाळीवर.

मोरी तर घराच्या दुसऱ्या बाजूला. मग इथे, कोरड्या जमिनीत, सांडपाण्यातली चिलटं कशी?

आणि सहा बादल्या पाणी. टणक जमिनीवर बादली ओतली तर थारोळं साचायला हवं, ओघळ जायला हवा. इथे एकदाही पाणी वर आलं नव्हतं. कुठे जात होतं ते?

आईच्या हातातलं भिंग ओट्यावर पडलं. खाली पोकळी होती. मोठी, सांडपाण्याची, आणि तिच्यावर काय होतं देव जाणे. तिने वर पाहिलं. मुलगी कपड्यांची टोपली पोटाशी धरून दोरीखाली पोचली होती.

“थांब!” आई ओरडली. “हलू नकोस!”

मुलीच्या एका हातात टोपली, दुसरा दोरीकडे वर केलेला, त्यात झबलं. “काय झालं?”

आई दारापर्यंत पोचली आणि थबकली. बोलवावं तर पोर पाय आपटत धावत येईल. बोलवू नये तर तिथेच उभी राहील. धावत जाऊन तिला ओढावं तर दोघींचं वजन. वीस वर्षं माळ्यांना एका शब्दात हलवणाऱ्या बाईला या वेळी शब्दच सुचेना.

“आई, इथे पायाखाली काहीतरी कुरकुरलं,” मुलगी म्हणाली. आता तीही हसत नव्हती. तिच्या घोट्यांभोवती चिलटं उठत होती, धुरासारखी.

“ऐक. तुझ्या पायाखाली जमीन पोकळ आहे. टोपली खाली ठेवायची नाही, टाकायची नाही, धरून राहा. मी शिडी आणते.”

पोटमाळ्यावर चढायची लाकडी शिडी भिंतीला टेकलेली होती. आईने ती आडवी केली आणि जमिनीवरून सरकवत नेली, इंच इंच. तिला फक्त आपला श्वास ऐकू येत होता. शिडीचं टोक मुलीच्या टाचांमागे पोचलं तेव्हा आई दुसऱ्या टोकावर बसली, सगळं वजन टाकून.

“आता हळूच बस. ढुंगण शिडीवर टेकव. आणि मागे सरकत ये.”

“या पोटाला घेऊन?”

“या पोटासाठीच, चिमणे.”

मुलगी बसली. टोपली मांडीवर, एक हात पोटावर, एक शिडीच्या दांड्यावर. पहिली पायरी. दुसरी. कुठेतरी खाली माती ढासळल्याचा दबका आवाज आला. आईने डोळे मिटले नाहीत, मिटावेसे फार वाटले तरी. तिसरी. चौथी. पाचव्या पायरीवर आईचा हात पोरीच्या दंडाला लागला आणि तिने तिला अशी ओढली की दोघी मागे कुंड्यांजवळच्या जमिनीवर आदळल्या.

मग खांब कलला. दोरी ताणली, तुटली, आणि जिथे मुलगी उभी होती तिथली जमीन खाली बसली. फार आवाज झाला नाही. आतून घाण वास आला आणि चिलटांचा काळा लोट वर आला, खूप वेळ येतच राहिला. दोरीवर आधीपासून वाळत असलेली दोन झबली आत गेली.

दोघी एकमेकींना धरून बसल्या. “हलतंय ना?” आई पुन्हा पुन्हा विचारत होती. बऱ्याच वेळाने मुलीने आईचा तळवा पोटावर ठेवला. हलत होतं. तेव्हा कुठे आईला रडू फुटलं.

दुपारी गवंडी आला. त्याने काठावरून पहार आत सोडली, ती पूर्ण गेली तरी तळ लागेना. “जुनी मैल्याची टाकी आहे. वर पत्रा टाकून माती लोटलीय, पत्र्याची पार चाळण झालीय. आणि हा खांब नाही हो, टाकीचा हवेचा पाइप आहे. याला दोरी कोणी बांधली?”

त्याने पहारीला लागलेली ओली माती पाहिली. तो पुढे म्हणाला, “काठची माती नुकतीच वाहून गेलीय. पाणी मुरलंय कुठलं तरी.”

“आईने चिलटं मोजून ओळखलं,” मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात कौतुक होतं. “भिंगातून पाहून! नाहीतर आज मी...”

गवंड्याने आईला हात जोडले. “मानलं तुम्हाला.”

आई मान खाली घालून उभी होती. गप्प राहिली असती तर खपून गेलं असतं. जावयापर्यंत, साऱ्या नातेवाइकांपर्यंत हीच गोष्ट गेली असती. गवंडी गेल्यावर तिने आतून वही आणली, अकरा नंबरचं पान उघडलं आणि पोरीच्या मांडीवर ठेवलं.

सतरा. तीस. चौसष्ट. एकशे दहा. मग ती आडवी रेघ. रेघेखाली आईच्याच अक्षरात, रोजच्या तारखेसमोर : कढत पाणी, एक बादली. सहा वेळा.

“दोरी मी बांधली,” आई म्हणाली. “पाणी मी ओतलं. आणि आकडा दिसत होता तेव्हा कार्ड मी फेकून दिलं. माझं चुकलं गं.”

मुलीने पान दोनदा वाचलं. तिचा हात पोटावर होता आणि तो तिने तिथून काढला नाही. बाहेर खड्ड्यावर चिलटं अजून घोंगावत होती.

“उद्यापासून,” शेवटी ती म्हणाली, “मी कुठे उभं राहायचं ते मी ठरवीन.”

आईच्या ओठांवर नेहमीचं ‘तू गप्प बस गं’ आलं होतं. तिने ते गिळलं आणि मान डोलावली.