मुनगा घातलेल्या शेवया

"काकू, द्या डबा," म्हणत कंडक्टर जागेश्वरनं सवयीनं एसटीच्या दारातून हात पुढं केला.

"आज डबा नाई बाप्पा. मीच येऊन राहिली भंडाऱ्याले," सत्यभामा म्हणाली आणि दांडा धरून वर चढली. "पोरीले घरी आणाले जातो."

जागेश्वरनं तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि तिकीट फाडलं.

तिची टीना भंडाऱ्याला नर्सिंगला होती. दीड वर्षं तिचा डबा आंधळगावहून पहाटेच्या गाडीनं जायचा. जागेश्वर तो इंजिनाजवळ ठेवायचा, टीना स्टँडवर उतरवून घ्यायची आणि रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीनं परत. गावातल्या आठ-दहा पोरांची पोटं अशीच एसटीवर चालायची. आणि परवा अचानक टीनाचा फोन. "आई, उद्यापासून डबा नको पाठवू. मी खोलीवरच करून खाते."

"काय करून खाशीन?"

"नूडल्स करते न!"

झालं! पाकिटातल्या शेवया! सत्यभामेला थोरला मुलगा आठवला. मोठा मनिष नागपूरला शिकायला गेला होता, तोही असाच. वेळ नाही म्हणून दोन्ही वेळ तीच पाकिटं, कधी तर न उकळता, कोरडीच चावायची. एक दिवस वर्गात चक्कर येऊन पडला. उचलून घरी आणला तो आणलाच, पुन्हा पुस्तकाला हात लावला नाही. आता लेकीचंही तेच व्हायचं? तिनं ठरवूनच टाकलं. नाही झाली नर्स तर नाही झाली, पोरगी डोळ्यासमोर धड तर राहील. निघताना नवरा, सेवकराम, दारातून एवढंच म्हणाला होता, "अवो, पयले पाहून तर घे." तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

रविवार होता. खोलीचं दार उघडंच. लहानशा गॅसभोवती टीना आणि तिच्या सोबतच्या दोघी, हर्षा आणि रंजू, फतकल मारून बसल्या होत्या. वर पातेलं रटरटत होतं.

"माय वो! आई, तू?"

"सामान बांध," सत्यभामा उंबऱ्यातूनच कडाडली. "चाल घरी."

"काहून?"

"काहून म्हंते वरतून! दादाचं काय झालं ते डोयानं पायलं न तू?"

टीनानं आईचा हात धरून तिला आत आणलं आणि पातेल्यावरचं झाकण काढलं.

आत शेवया शोधाव्या लागत होत्या. तिघींत पाकिटं दोनच. बाकी सगळा मुनग्याचा, म्हणजे शेवग्याचा, हिरवागार पाला, मोड आलेली मटकी, वांग्याच्या फोडी आणि वरून फोडलेली दोन अंडी.

"मसाल्याची पुडी आम्ही अर्धीच टाकतो, काकू," हर्षा घाईघाईनं सांगू लागली. "बाकी तुमची जवसाची चटणी. काल सकाळी शिळा भात घातला होता. राती टमाटे आन् फल्लीदाणे."

"मुनगा तर फुकटच हाये," रंजूनं भर घातली. "घरमालकिणीच्या झाडाचा. फक्त हर्षाले वर चढवा लागते."

सत्यभामेनं पळी घेतली, पार तळापर्यंत ढवळून पाहिलं. नाव ठेवायला काही म्हणता काही सापडेना. शेवटी म्हणाली, "मीठ कमी असन."

पोरी तोंड दाबून हसल्या. तिला मात्र हसू येईना. खरं दुखणं वेगळंच होतं.

"पण डबा कायले बंद केला वो? माह्या हातचं कडू लागाले लागलं का तुले?"

टीनानं गॅस बारीक केला. "जागेश्वरदादानं सांगितलं मले. मागच्या मंगळवारी अंधारात गावच्या स्टँडवर येतानी पडली तू. गुडघा फुटला, पण डबा वरच्या वर धरून ठेवला म्हणे. आन् फोनवर मले म्हंते, सगळं बरं हाये!"

सत्यभामेनं झटकन पातळ गुडघ्यावर ओढून घेतलं. राग कुठल्या कुठं गेला. दोन दिवस तिच्या पोटात अन्न जात नव्हतं. लेक उपाशी नव्हती, आजारी नव्हती, आणि आईच्या डब्याला विटलीही नव्हती! तिला इतकं हलकं वाटलं, की पोरींसमोर रडताना लाजही वाटली नाही.

रंजूनं पहिलं ताट तिच्यापुढं ठेवलं. घरी सगळ्यांचं उरकल्यावर उरलंसुरलं जेवणाऱ्या सत्यभामेला पहिल्या ताटावर बसायचं कसं, तेच कळेना. पहिला घास तोंडाजवळ नेईपर्यंत दोनदा घसरला.

"मीठ बरोबर हाये," तिनं कबूल केलं.

तेवढ्यात सेवकरामचा फोन आला. "निंगाल्या का दोघी?"

"ते येत नाई जी. मी एकटीच येतो."

तिकडून मग दबकत प्रश्न आला, "जेवते का पण पोरगी?"

सत्यभामेनं पाहिलं. टीना पळी घेऊन तिच्याच तोंडाकडं बघत उभी होती.

"जेवते," ती म्हणाली. "मलेबी जेवू घालून राहिली."

आणि फोन कानाला तसाच ठेवून तिनं ताट पुढं केलं. "टाक अजून थोडं."