दगडावर कोरण्याआधी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. वाचनालयात खिडकीशेजारी बसतो. चालू झालो की दम लागल्यासारखा घरघरतो. नवा होतो तेव्हा माझ्यापुढे रांग लागायची आणि लोक हात पुसून माझी बटणे दाबायचे. मग सडपातळ संगणक आले आणि माझ्या डोक्यावर जुन्या मासिकांचे गठ्ठे चढले. "याला भंगारात द्या," हे मी अनेकदा ऐकले. ऐकायचे आणि तरीही चालू व्हायचे, असे मी मनाशी ठरवले होते.

एका सकाळी मावशी आल्या. त्या निवृत्त परिचारिका. नव्या संगणकांवर परीक्षेची मुले बसलेली, म्हणून ग्रंथपालबाईंनी त्यांना माझ्यापुढे बसवले. मावशींची धाकटी बहीणही परिचारिकाच होती. साथीत आजाऱ्यांची सेवा करता करता ती गेली. तिच्या आठवणीसाठी दवाखान्याच्या दारावर दगड बसायचा होता. त्यावर कोरायला त्यांच्या दादांनी इंटरनेटवरून एक देखणे वाक्य आणले होते: 'सेवा हा दिवा आहे आणि दुःख ही त्याची वात.' खाली लिहिले होते की हे सुरुवातीच्या ख्रिस्ती काळातल्या एका बिशपचे वचन आहे.

दादा आणि पाथरवट सोबतच आले होते.

"अक्षरं आखून झालीत, मावशी," पाथरवट म्हणाला. "संध्याकाळी छिन्नी लावतो. दगडाला खोडरबर नसतं. काय ते आत्ताच सांगा."

"अगं, इतकं छान वाक्य आहे," दादा म्हणाले. "पुरावा मागायला कोण येणार?"

"मी आलेय ना," मावशी म्हणाल्या. "तिनं कधी बाटलीवरचं नाव न वाचता औषध दिलं नाही. मग तिच्याच दगडावर काहीही कोरायचं?"

आम्ही शोधू लागलो. एका पानाने दुसऱ्याचा हवाला दिला, दुसऱ्याने तिसऱ्याचा आणि तिसऱ्याने पुन्हा पहिल्याचाच.

"सगळे एकमेकांच्या खांद्यावर बंदूक ठेवून बसलेत," पाथरवट हसला.

ग्रंथपालबाई जवळ आल्या. "मूळ लेख कुठे जपलाय, भाषांतर कुणी केलं, हे जे पान सांगतं ते उघडा," म्हणाल्या. त्यांनी एका विद्यापीठाच्या ग्रंथसंग्रहाचा पत्ता दिला. तिथे त्या बिशपच्या लेखाचे जुने भाषांतर पानापानांचे फोटो काढून सर्वांसाठी ठेवले होते.

ती पाने माझ्यासाठी फार जड होती. माझा पडदा थिजला. दादांनी मला टप्पल मारली.

"दादा, धाप लागलेल्या माणसाला मारतात का?" मावशींनी गठ्ठे उतरवले आणि माझ्या पंख्यावरची धूळ पुसली. मला श्वास आला. आता हरायचे नाही, म्हणत मी एकेक ओळ उलगडू लागलो.

दिव्याचे वाक्य सापडले, पण प्रस्तावनेत. ते भाषांतर करणाऱ्याचे स्वतःचे होते. बिशप तर त्याच्या कितीतरी शतके आधी होऊन गेलेला. कुणीतरी घाईत एकाचे बोलणे दुसऱ्याच्या तोंडी घातले होते.

दादांचा चेहरा उतरला. "आता दगडाच्या अनावरणाला येणाऱ्या पाहुण्यांना काय दाखवायचं?"

"पुढे वाचू या," मावशी म्हणाल्या.

पुढे बिशपने आपल्या काळातल्या साथीबद्दल लिहिले होते. त्यात एक साधी ओळ होती: 'आजाऱ्यांना त्यांनी एकटे सोडले नाही.'

मावशींनी चष्मा काढून पुसला. "हेच. तिनंही हेच केलं."

दादांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग पाथरवटाला म्हणाले, "आखलेलं पुसून टाका."

"पुसतो. कमी अक्षरं, मलाही बरं."

मित्रांनो, तो दगड आता दारावर आहे. मी काही तो पाहायला जाऊ शकत नाही. पण मावशी अजून येतात, वाचायच्या आधी माझा पंखा पुसतात. तुम्हीही आलात तर माझ्या डोक्यावर ओझे ठेवू नका, आणि समोर येणाऱ्या प्रत्येक देखण्या वाक्याला विचारा, "बाबा रे, तू कुणाचा?" उत्तर यायला उशीर लागला तर थांबा. मी घरघरत असेन, पण शोधत असेन.